मामानं सांगितलेलं नाव

आधी चष्मा काढायचा. शर्टाच्या टोकानं एक काच पुसायची, मग दुसरी. मग चष्मा उजेडाकडे धरून बघायचा. डाग तिथंच असायचा, कारण शर्टच मळका. तरी तो चष्मा घालायचा आणि म्हणायचं, "घाई कायची हाय?"

हे आमच्या सौंसरच्या शाळेतले बाबूजी. शाळेचे क्लार्क. अख्खं गाव त्यांना बाबूजी म्हणायचं, म्हणून मीही तेवढंच म्हणते. कोणाची छिंदवाड्याची बस सुटायला आलेली असो की कोणाच्या फॉर्मची शेवटची तारीख असो, चष्मा पुसल्याशिवाय त्यांचा हात रजिस्टरला लागत नसे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या टेबलापुढं उभं राहून दात खाल्ले असतील. फक्त तेव्हा तुम्हाला सहावा महिना लागलेला नसेल.

बाबूजी आमच्याच गल्लीत, समोरच्या घरात राहायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. बाबांची संत्र्याची झाडं, थोडी कपाशी. घरात इंग्रजी वाचणारं कोणी नाही. नागपूरला इंजिनिअरिंगची सीट मिळाली तेव्हा शाळेचा दाखला पाहिजे होता. बाबूजींनी तो तिसऱ्या दिवशी दिला. दिला तोही आधी सगळ्या ऑफिसला मोठ्यानं वाचून दाखवून.

"हे माह्या रजिस्टरातली पोरगी हाय," ते म्हणाले. "पाहा, एक खाडाखोड नाही."

खाडाखोड नाही, हा त्यांचा खरा अभिमान. नोकरीच्या सगळ्या वर्षांत आपल्या दाखिल-खारिज, म्हणजे पोरांची नावं घालण्या-काढण्याच्या रजिस्टरात एक अक्षर खोडलं नाही, हे ते पोरांच्या मुंजीत सांगायचे, मयतीतही सांगायचे. मी हसायचे. पुढं हेच माझ्या गळ्याशी येणार होतं, हे तेव्हा काय माहीत.

मी नोकरीला नेदरलँड्समध्ये आले. नवराही तिकडचाच, म्हणजे काटोलचा, पण इथं नोकरीला असलेला. दिवस राहिले. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होते. माझी आई सौंसरची सून, तिचं माहेर रामाकोना, तर मी रामाकोन्याला मामाच्या घरी जन्मले. माझा विमा इथला, सुट्टी इथली, डॉक्टर इथले. मी माहेरी जाऊ शकत नव्हते, म्हणून आईनं इकडं यावं असं ठरलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. डिंकाचे लाडू करायला घेतले. आणि पाचव्या महिन्यात तिचा व्हिसा नाकारला. कारण लिहिलं होतं: अर्जदार ही बोलावणारीची आई असल्याचं सिद्ध होत नाही.

वाचून मी खुर्चीतच बसले. माझी आई माझी आई आहे हे सिद्ध होत नाही!

झालं होतं असं. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माहेरची सिंधू अशी सासरी येऊन कल्पना झाली. आधारवर कल्पना, मतदार यादीत कल्पना, पासपोर्टवरही कल्पना. त्या तांदळाची काही नक्कल निघत नाही. ते दुसऱ्या दिवशी शिजतात.

आणि मला पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा बाबा पेरणीत होते, आई धाकट्या भावाची बाळंतीण होती, म्हणून मला शाळेत नेलं रामाकोन्याच्या मामानं. बाबूजींनी विचारलं, आईचं नाव? मामानं आपल्या बहिणीचं नाव सांगितलं. सिंधू. त्याच्या लेखी ती कधी कल्पना झालीच नव्हती. तेच नाव दहावीच्या मार्कशीटवर आलं, तेच माझ्या पासपोर्टवर. घरी जन्मलेली म्हणून माझा जन्माचा दाखला नाही. मामा तर केव्हाच वारला.

आई-बाबांनी शपथपत्र केलं की दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. नागपूरचा व्हिसा एजंट म्हणाला, नुसतं शपथपत्र चालणार नाही, शाळेचं प्रमाणपत्र आणा. शाळेचे हेडमास्तर भले माणूस. म्हणाले, "बाबूजी रिटायर झाले, पण जिवंत आहेत. नोंद त्यांच्या हातची. नाव मामाच्या सांगण्यावरून लिहिलं, आईला विचारलं नाही, एवढं त्यांनी लिहून द्यावं. मी त्याच दिवशी प्रमाणपत्र देतो."

म्हणजे समोरच्या घरात जायचं, चार ओळी लिहून घ्यायच्या. झालं! मी हसत हसत व्हिडिओ कॉल लावला. आईनं फोन समोरच्या ओट्यावर नेऊन बाबूजींपुढं धरला. मी सगळं समजावून सांगितलं. बाबूजींनी चष्मा काढला. एक काच. दुसरी काच.

"मामानं सांगतलं, मी लिहलं," ते म्हणाले. "मी काय चुकलो?"

"चुकलात असं कोण म्हणते, बाबूजी? फक्त मामानं सांगितलं एवढं लिहून द्या."

"म्हणजे नोंद चुकीची हाय असंच ना? सिंधू हे तुह्या मायचं नाव नोहे काय?"

"आहे, पण..."

"मंग! बरोबर हाय नोंद." आणि मग ते वाक्य. "पाह्यतो मी. घाई कायची हाय?"

"बाबूजी, मला सहावा लागला!"

"मंग तीन महिने हायेत ना बाप्पा."

दर रविवारी असं चालायचं. मी इकडं पाय सुजवून बसलेली, तिकडं स्क्रीनवर चष्मा पुसणं चालू. कधी कधी ते माझ्या कामाचं सोडून भलतंच विचारत. तिकडं ऊन पडते का? तिथल्या लोकांनी कपाशी पाहिली का कधी? एकदा मी सांगितलं की इथली दाई विचारत होती, घरी बाळंत व्हायचं की दवाखान्यात. इथं पुष्कळ बाया घरीच होतात. बाबूजींनी चष्मा पुसता पुसता हात थांबवला.

"घरीच?"

"हो. दाई घरी येते."

"म्हणजे रामाकोन्यासारखंच!" ते आईकडे वळले. "पाह्यलं काय व? मंग हे एवढ्या दूर गेली कायले?"

आई पोट धरून हसली. मी फोन बंद केला.

सातव्या महिन्यात मात्र माझा तोल गेला. मी आवाज चढवला. वडीलधाऱ्या माणसाशी मी असं कधी बोलले नव्हते, आणि मला त्याचा पश्चात्ताप आहे असंही मी इथं लिहिणार नाही. मी म्हणाले, "बाबूजी, तुमच्या त्या रजिस्टरला कोणी पाहत नाही. वाळवी खाते त्याला. तुमची एक सही द्या, नाहीतर मी इथं परक्या बायांच्या हातात बाळंत होईन. तुमच्या घरच्या पोरीवर अशी वेळ आली असती तर?"

त्यांनी चष्मा काढला नाही. म्हणाले, "खोटं नाही लिवत मी, बाई. दुसरं काही पाह्यतो."

दुसरं काही म्हणजे काय, ते सांगितलं नाही. सांगायची त्यांची रीतच नव्हती. नंतर आईकडून कळलं की ते रोज पांढुर्ण्याला जाऊ लागले. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर शाळांचे जुने गठ्ठे तिकडं हलवले होते, आणि कोणत्या गठ्ठ्यात काय हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. बाबूजी सकाळच्या बसनं जायचे, डब्यात भाकर आणि ठेचा, तिथं फरशीवर बसून एकेक गठ्ठा सोडायचे, पुन्हा बांधायचे. गाठ आधी होती तशीच बांधायची, त्याशिवाय दुसरा गठ्ठा नाही. आई म्हणाली, "अव, त्याहीची गुडघ्याची वाटी गेलेली हाय. तरी जाते." मी म्हणाले, "त्यापेक्षा सही केली असती तर?"

तीन आठवड्यांनी त्यांना सापडलं. मोफत पुस्तक वाटपाचं रजिस्टर. दरवर्षी जूनमध्ये पालक येऊन सही करून पोरांची पुस्तकं न्यायचे. माझ्या नावापुढं तिसरीत, चौथीत, पाचवीत आईची सही. वाकडीतिकडी, रेघेच्या खाली घसरलेली: कल्पना. आणि पुढच्या रकान्यात बाबूजींच्या अक्षरात: माता. हेडमास्तरांनी त्याची नक्कल साक्षांकित केली, एजंटनं भाषांतर करून घेतलं, अर्ज पुन्हा गेला.

त्या दिवशी बाबूजींनी आपणहून फोन लावायला सांगितला. "पाह्य," ते म्हणाले. "कागद हाय माह्याकडं. खोडाचं काम पडलं नाही."

मी आभार मानले. दात खाऊनच मानले. व्हिसाला आता किती दिवस लागतील आणि माझ्याकडं किती उरलेत, हा हिशेब इंजिनिअर पोरीला येतो.

मुलगी झाली तेव्हा व्हिसा आला नव्हता. दवाखान्यातच झाली. घरी काय होते ते मला रामाकोन्याच्या गोष्टींवरून पुरेसं माहीत होतं. आठ तासांनी त्यांनी घरी पाठवलं. इथं आठ दिवस एक परिचारिका घरी येते, बाळाला अंघोळ घालते, आईला खाऊ घालते. ती फार चांगली होती. पहिल्या दिवशी तिनं टोस्टवर लोणी लावून त्यावर गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या पसरून दिल्या. म्हणाली, बडीशेपेनं दूध येते. हे मला माझ्या आजीनंही सांगितलं असतं. फक्त तिनं टोस्टवर सांगितलं नसतं.

व्हिसा चौथ्या दिवशी आला. तिकीट मिळेपर्यंत आणखी दिवस गेले. आठव्या दिवशी परिचारिका गेली. नवऱ्याची सुट्टी संपली. नवव्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत सकाळी आठ ते संध्याकाळी सहा त्या घरात मी आणि पोरगी, एवढ्याच. टाके ओढत होते. ती दूध धरत नव्हती. धरलं तर मी ओरडायचे, सोडलं तर ती. दहाव्या दिवशी मी तिला पाळण्यात ठेवून न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. बाराव्या दिवशी बारसं व्हायला पाहिजे होतं. त्या दिवशी मी कालची भाजी थंडच खाल्ली. या चार दिवसांबद्दल मी आईला पूर्ण सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

तेराव्या दिवशी आई आली. तिनं बॅग खाली ठेवली, हात धुतले, आणि पोरगी माझ्या हातातून काढून घेतली. "जा, झोप," एवढंच म्हणाली. मी नऊ तास झोपले.

बाबूजींसाठी मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. सौंसरला गेले की त्यांच्या ओट्यावर बसून सांगणार होते: बाबूजी, तुमच्यामुळं आई तेरा दिवस उशिरा आली. त्यांनी त्यावर काय म्हटलं असतं तेही मला ठाऊक होतं. पण आई इथं असतानाच फोन आला. झोपेतच गेले, म्हणे. आईनं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी मुलीला घेऊन सौंसरला गेले. समोरच्या घरी काकूंकडं, बाबूजींच्या बायकोकडं, भेटायला गेले. काकूंनी पोरीला ओवाळलं, हातावर गूळ ठेवला. मग आतून एक फाइल आणली.

"तुह्या कामाचे कागद होते म्हने यात. पाहून घे. मले वाचता येत नाही."

शपथपत्राची झेरॉक्स होती. व्हिसा नाकारल्याचं पत्र. आणि खाली एक दुमडलेला फुलस्केप, बाबूजींच्या अक्षरात, आमच्याकडच्या सरकारी ऑफिसच्या हिंदीत. निवेदन है कि छात्रा की माता का नाम मैंने मामा के कहने पर लिखा, माता से पूछा नहीं. यह भूल मेरी है. खाली पूर्ण नाव, पद, सही. तारीख मी दोनदा वाचली. मी फोनवर ओरडले होते, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे लिहून झालं होतं. सही झाली होती. हेडमास्तर त्याच दिवशी प्रमाणपत्र देणार होते. हा कागद गल्ली ओलांडून आमच्या घरी आला असता, तर आई माझ्या उशाशी असती. पण त्या माणसाला हे देववलं नाही. हा कागद फाइलीत घालून ते दुखऱ्या गुडघ्यानं तीन आठवडे पांढुर्ण्याची बस धरत राहिले.

रडू यायला पाहिजे होतं, असं आई म्हणते. मला राग आला. अजूनही येतो. आणि तो कोणावर काढावा ते समजत नाही.

"कामाचा हाय काय व बाई?" काकूंनी विचारलं. "नाही तं रद्दीत टाकतो."

पोरगी माझ्या कडेवरून त्या कागदाला हात घालत होती. गुळानं चिकट झालेला हात. मी कागद वर धरला, तिच्या हाताला लागू दिला नाही.