खुडूक बसलेले करीमभाई

कोपरखैरण्याच्या सिडको बिल्डिंगीत करीमभाईंचा दरवाजा सकाळी दुधाच्या पिशवीसाठी उघडायचा, तो रात्री अंथरुणं पडेपर्यंत उघडाच. माणूस म्हसळ्याकडचा. अर्धी जवानी मस्कतला कोल्ड स्टोरेजची मशिनं दुरुस्त करण्यात गेली. तिथे आठवडेच्या आठवडे दारावर कुणाची थाप पडायची नाही, त्याचा वचपा ते आता काढत होते. गॅसवाला असो की पत्ता चुकलेला पोस्टमन, आलेल्याला बसवायचं, चहा पाजायचा आणि सगळं घर दाखवायचं. पाहुणा चपला घालायला लागला की म्हणायचे, "अरे थांबा, बाथरूमच्या टाइल्स ऱ्हायल्या."

तर या माणसाला परत मस्कतला जायचं नव्हतं. पण उन्हाळा संपला की एसी दुरुस्तीची कामं आटायची, आणि तिकडे मेहुणा आतिफ व्हिसा घेऊन तयारच बसलेला. यावर करीमभाईंनी तोडगा काढला, गावठी कोंबडीची पिल्लं काढून आसपासच्या गावांत विकायची. एका मोडक्या फ्रिजची त्यांनी अंडी उबवायची आडवी पेटी केली. आत बल्ब, थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी, वर उचलायचं झाकण.

जैनबभाभींचं बोलणं मोजकं आणि स्वयंपाकघरातलं. "एक घाणा काडून दाखवा," त्या म्हणाल्या. "पिल्लं निगाली तर आतिफला नको म्हनून मी सांगते. नाय निगाली तर बॅग मी भरते."

पहिला घाणा वाया गेला. अंडी करीमभाईंच्या बहिणीने गावाहून एसटीत मागच्या सीटवर बसून आणली होती. रस्त्यानेच त्यांची आतल्या आत भुर्जी केली, असा निकाल लागला.

दुसऱ्या खेपेला करीमभाई स्वतः जवळच्या बोनकोड्याला गेले, कोंबड्यांसोबत कोंबडाही हिंडतो आहे हे डोळ्यांनी पाहिलं आणि पिशवी मांडीवर धरून रिक्षातून अंडी आणली. आठवडाभराने अंडं टॉर्चवर धरलं तर आत लाल शिरांचं जाळं आणि मधोमध हलणारा ठिपका. झालं, सगळ्या बिल्डिंगीला आमंत्रण. खालच्या मजल्यावरचे बंडूभाऊ बँकेत नोकरीला होते, पण त्यांची खरी ड्युटी जिन्यात असायची. ते म्हणाले, "भाभी, हे अंड्यांवर खुडूक बसलेत. टोपलीखाली झाका यांना."

दिवस भरत आले तशी बातमी पसरली की आता निघणार. शेवटच्या दोन-तीन दिवसांत तर पेटीपुढे रांग लागली. करीमभाई प्रत्येकासाठी झाकण उचलायचे. "वाकून ऐका. आतून टोचतंय."

तीन आठवडे उलटले आणि एकही अंडं फुटलं नाही. शेवटी करीमभाईंनी हाताने फोडून पाहिलं. आत पिल्लू पुरं झालेलं, पिसं आलेली. पण कवचाखालचा पापुद्रा सुकून त्याच्या अंगाला असा आवळून बसला होता की मान हलवायला जागा नव्हती. जैनबभाभींनी माळ्यावरून बॅग काढली, पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

करीमभाईंनी बल्ब बदलला. थर्मोस्टॅट उघडून परत बसवला. बंडूभाऊंच्या वैजयंतीवहिनींनी पेटीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, तेही त्यांनी ओवाळू दिलं.

मग एके दिवशी वाशीच्या एका साडीच्या दुकानातून बोलावणं आलं, एसी थंड करत नाही. करीमभाई गेले तर मालक काचेचं दार सताड उघडं धरून गिऱ्हाइकांना हाका मारतोय. करीमभाई स्टुलावरूनच सुरू झाले. "शेठ, मशिन बिचारं काय करील? दार एकदा उघडलं की आतली हवा गेली रस्त्यावर. ती परत भरून यायला किती वेळ लागतो, ठाऊक हाय? तोवर तुमी परत उघडता. आणि वर मशिनला नावं ठेवता..."

हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच वर.

"काय झालं? काही मोठं बिघडलंय काय?" मालक घाबरला.

"तुमचं नाय. माझं," करीमभाई म्हणाले आणि स्टुलावरून उतरले.

कोल्ड स्टोरेजचं दार उघडं टाकलं म्हणून मस्कतमध्ये भल्याभल्यांना झापलेला माणूस, आणि स्वतःच्या पेटीचं झाकण रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना उचलून दाखवत होता. दर दर्शनाला आतली ऊब आणि ओल बाहेर. तीही नेमकी तेव्हा, जेव्हा पिल्लाला ओलीची सगळ्यात जास्त गरज.

कारण सापडलं, पण उपाय अवघड होता. आलेल्याला नाही म्हणणं करीमभाईंच्या रक्तात नव्हतं. मग त्यांनी लग्नाच्या फोटोची काच काढली, पेटीला चौकोन कापला आणि ती तिथे बसवली.

"आपला फोटो?" जैनबभाभींनी विचारलं.

"फोटो ठेवलाय की. नुस्ती काच घेतली."

तिसऱ्या घाण्याला झाकण फक्त अंडी फिरवायला आणि पाणी घालायला उघडलं, तेही झटपट. शेवटचे दिवस आले तेव्हा वाटी काठोकाठ भरून त्यांनी झाकणाला चार स्क्रू मारले आणि स्क्रू-ड्रायव्हर जैनबभाभींच्या हातात दिला. "मागितला तरी देऊ नको."

लोक आता काचेसमोर टीव्हीपुढे बसावं तसे मांडी घालून बसू लागले. एका दुपारी एका अंड्याला चीर गेली आणि इवलीशी चोच दिसली. त्यापुढे काहीच होईना. चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, चोच होती तिथेच.

"अहो, गुदमरेल ते," वैजयंतीवहिनी कळवळल्या. "झाकण काढा आणि नखाने जरासं सोलून द्या."

करीमभाईंनी बराच वेळ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. आता सुटले. "जैनब, दे गं तो स्क्रू-ड्रायव्हर."

"हरवला," जैनबभाभी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"हरवला? कुटं?"

"मला काय म्हाईत. माज्या खाली असंल."

आणि त्या पाटावरून तसूभर हलल्या नाहीत. करीमभाईंनी हात परत मांड्यांखाली सारले. बॅग भरायची हौस मुळात कुणालाच नव्हती, हे त्यांना तेव्हा कळलं.

दिवेलागणीला कवचाची टोपी गोल तडकली आणि ओलंचिंब, काड्यांच्या पायांचं पिल्लू धडपडत बाहेर पडलं. सकाळपर्यंत पेटीत चिवचिवाट. काही अंडी तशीच राहिली, पण बरीचशी फुटली.

आतिफचा फोन नेहमीसारखा बंडूभाऊंकडे आला. जैनबभाभी पदर सावरत खाली आल्या. "आतिफ, व्हिसा दुसऱ्या कुनाला दे. नाय रे, तब्येत झकास हाय त्यांची. पिल्लं झाली म्हनून." तिकडून काहीतरी विचारलं असावं. "कोंबडीची, मेल्या."

रिसीव्हर ठेवून त्या निघाल्या आणि जिना एकेक पायरी गाळून, पोरीसारख्या चढल्या. बंडूभाऊंनी दार किलकिलं करून ते पाहिलं, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या बिल्डिंगीला माहीत झालं.