बिननंबरी सायकल

अन्याय कोणावर झाला ते आधी सांगते. सायकलवरून कामाला येणाऱ्या एका माणसावर. कधी झाला तेही सांगते. यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत, पारनेर तालुक्यातल्या एका कंपनीच्या गेटवर. मी तिथं होते. आमच्या संघटनेची पत्रकं वाटत उभी होते. त्यामुळे ऐकीव काही लिहीत नाही.

माणसाचं नाव लिहिणार नाही. तशी त्यांचीच अट आहे. "नाव नगा टाकू ताई. उद्या दुसऱ्या कुनाच्या गेटावर उभं ऱ्हायचंय मला." आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, तुम्हीही म्हणा. तुमच्या गेटवरही असा एखादा मामा येत असेल. कधी बघितलाय का, ते तुमचं तुम्ही आठवा.

मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं. त्यांच्या सायकलला कुणी हात लावला की ते म्हणायचे, "पाय धरू नगं. पाय चालू ठेव."

त्याचं असं होतं, की त्या सायकलला फ्री नव्हती. तुमच्या-माझ्या सायकलवर उतार लागला की आपण पाय थांबवतो आणि सायकल आपोआप पळत राहते. मागच्या चाकातली फ्री ते काम करते. मामांच्या वस्तीपासून कंपनीपर्यंतच्या रस्त्याला खडी क्रशर. ती पांढरी भुकटी आणि पावसाळ्यातला चिखल खाऊन फ्री घसरायला लागायची. ऐन चढावर पायडल गरकन फिरायचं, गाडी जागेवर, आणि मामा भोंग्याला लेट. दोन फ्री बदलून झाल्यावर ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे गेले आणि दातऱ्याचं चक्र थेट चाकालाच टाका मारून पक्कं करून घेतलं. "म्हनलं, आता घसर!" तेव्हापासून चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल थांबलं की चाक थांबणार. उतारावरसुद्धा विसावा नाही.

कंपनीच्या अलीकडे चांगला मोठा उतार आहे. त्यावरून मामा यायचे तेव्हा त्यांचे पाय नुसते भिंगरीसारखे दिसायचे. बाकीची मंडळी मोटरसायकलवर. जाता जाता ओरडायची, "शिलाई मशीन आलं रे!"

मामा तेवढ्याच जोरात, "कुटं फाटलंय दाव, शिवून देतो!"

एकदा मेंटेनन्समधला एक बुलेटवाला हट्टाला पेटला. सायकल ती काय, म्हणाला, आणि बसला. मामांनी दोनदा बजावलं. पठ्ठ्यानं वेग घेतला आणि सवयीनं पाय थांबवले. पायडलनं त्याला उचलून थेट बाभळीत टाकलं. मामांनी त्याचे काटे काढले, शर्ट झटकला आणि एवढंच म्हणाले, "पाय चालू ठिवाया सांगितलं हुतं ना राजा."

माझी त्यांची ओळख पत्रकावरून झाली. कंत्राटी कामगारांच्या मागण्यांचं पत्रक. बाकीचे लोक हातात घेऊन दहा पावलांवर टाकायचे. मामा दोन मागायचे. मला वाटलं, एक घरी नेत असतील. मग एके दिवशी बघितलं तर गेटबाहेर उकिडवे बसून माझ्या पत्रकानं चेन पुसत होते.

"मामा, हे काय?"

"एक वाचाया, एक पुसाया." अजिबात ओशाळले नाहीत. "त्या पुढाऱ्यांचा कागद गुळगुळीत आसतोय, त्याला तेल लागत न्हाई. तुमचा कागद गरीब हाय. तेल पितो."

आमच्या संघटनेला इतकी खरी पावती कुणी दिलेली नाही.

मामा मूळचे पाथर्डीकडचे. लग्न झालं त्याच साली जोडीनं ऊसतोडीचा कोयता उचलला. दर साली दसरा झाला की ट्रक, कारखान्याच्या तळावरची उसाच्या पाचटाची कोपी, पहाटेची थंडी, आणि उन्हाळा लागला की माघारी. पोरगी कोपीतच झाली. ती पहिलीत जायच्या वेळेला मामांनी एका ठेकेदाराच्या हातापाया पडून या कंपनीत काम मिळवलं. पॅकिंगच्या खोक्यांची चढउतार. वस्तीवर पत्र्याची खोली घेतली. वस्तीवरून बस नाही. जीप आहे, ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरते तोवर भोंगा होऊन गेलेला असतो. म्हणून सायकल. सायकल आहे तर कंपनी आहे, कंपनी आहे तर पोरगी एका गावात, एका शाळेत. ती आता अकरावीला होती.

मामा म्हणायचे, "ही सायकल म्हंजी माज्या घराचा खुंटा. ही चालती तवर कोयता आढ्याला." खरंच त्यांच्या खोलीत कोयता आढ्याला खोवलेला होता. मी बघितलाय. गंजला होता. मामी मुद्दाम पुसत नव्हत्या.

आता कंपनीचं ऐका.

गेटच्या आत पत्र्याचं सायकल स्टँड होतं. उन्हाळ्यात ते पाडलं आणि तिथं साहेब लोकांच्या मोटारींसाठी हिरव्या कापडाचं छप्पर आलं. सायकलवर येणारे तोवर मामा एकटेच उरलेले. त्यांना सांगितलं, बाहेर लावा. त्यांनी बाहेर लावली. पहिल्या आठवड्यात सीट गेली. मामा उभ्यानं पायडल मारत घरी गेले. मग एक दिवस कंपनीनंच गेटपुढची जागा साफ करायला जेसीबी लावला आणि त्यानं सायकल उचलून नाल्यात टाकली. मामा नाल्यात उतरले, सायकल खांद्यावर घेऊन वर आले आणि साहेबांकडे गेले. साहेब चांगलं बोलले. म्हणाले, आत आणा, पण नियमात आणा. दुचाकीला हेल्मेट लागतं.

दुसऱ्या दिवशी मामा हेल्मेट घालून आले.

शेजाऱ्याचं जुनं हेल्मेट, पुढची काच खाली ओढलेली, खाली धोतर, आणि उतारावरून ती भिंगरी. त्या दिवशी सगळं गेट हसलं. मीही हसले. मामा काच वर करून म्हणाले, "हासा. आतून लई गार वाटतं."

मग गेटवर नवं मशीन आलं. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर त्यात टाकायचा. गेटवरचा वॉचमन रिटायर फौजी, इथलाच, पारनेरचा. तो हवालदिल झाला. "मामा, रकाना रिकामा सोडला की मशीन फुडं जात न्हाई. नंबर काय टाकू?"

"सायकलीला कुटला नंबर आसतोय?"

फौजी भला माणूस. चार दिवस त्यानं स्वतःच्या गाडीचा नंबर घातला. पाचव्या दिवशी तो स्वतः गाडी घेऊन आलेला, मशीन अडलं: ही गाडी आतच आहे, पुन्हा बाहेरून कशी येते? फौजीला वरून बोलणी बसली. तो वैतागून मामांना म्हणाला, "आता कसलाबी नंबर आना, पर आना. पाटीवर दिसला पायजे."

त्यानं ते त्राग्यानं म्हटलं होतं. मामांनी ते ऑर्डर म्हणून घेतलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या हुकमावर जगलेला माणूस वैताग आणि हुकूम यांत फरक करत नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. मामांकडे बैल नाहीत, पण शेजाऱ्याच्या बैलांची शिंगं दर साली तेच रंगवायचे. तो उरलेला लाल ऑईल पेंट त्यांनी मागून घेतला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, ठोकून सपाट केला. पोरीनं अक्षरं काढून दिली. एमएच सोळा, आणि पुढं कंपनीनं दिलेला मामांचा टोकन नंबर. "गाडी माजी, मग नंबरबी माजाच. दुसऱ्याचा कामून लावू?" असं त्यांनी मला त्या सकाळी समजावून सांगितलं. पाटी चाकाच्या मागं तारेनं घट्ट बांधली होती. झेंडूचं एक फूलही लावलं होतं. पोळ्यातलंच.

पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी फौजीनं पाटी बघितली. त्याला हसावं की रडावं कळेना. पण त्यानं नंबर टाकला आणि मशीननं घेतला. मामा आत गेले. अक्षरशः दहा पावलं. तेवढ्यात साहेबांची मोटार आली.

"काका, हे काय आहे?"

"नंबर हाय सायेब."

"कुठल्या आरटीओचा?"

"माज्या टोकनचा हाय."

साहेब हसले. मोबाईल काढून फोटो घेतला, त्यांच्या ग्रुपवर टाकला. आणखी दोघे साहेब बघायला आले, तेही हसले. एकानं सायकलजवळ उभं राहून सेल्फी काढला. मामाही हसत होते. आपलं काम झालं असंच त्यांना वाटत होतं. मग मोबाईल वाजला. साहेब बाजूला जाऊन बोलले आणि परत आले ते दुसराच चेहरा घेऊन.

"ही बनावट नंबरप्लेट आहे. हा गुन्हा आहे. पोलीस केस होऊ शकते, कळतंय का तुम्हाला?"

"पुसतो सायेब. आत्ता पुसतो."

मामांनी खिशातून माझं पत्रक काढलं आणि पाटीवर घासायला लागले. तेल पिणारा गरीब कागद. पण शिंगांचा रंग रात्रीतून वाळला होता. तो वर्षभर शिंगांवर टिकण्यासाठीच असतो. कागद फाटला, त्याचे गोळे झाले, मामांची बोटं लाल झाली. नंबर तसाच.

"काका, राहू द्या. तुमच्या चांगल्यासाठी सांगतोय, घरी जा."

ठेकेदाराच्या सुपरवायझरनं मामांच्या गळ्यातला पास काढून घेतला. मामांनी मान खाली केली, दोरी हेल्मेटमध्ये अडकू नये म्हणून. त्याला सोपं जावं म्हणून!

मी आरडाओरडा केला. सगळा केला. फौजीनं मला हात जोडले. भोंगा झाला. मोटरसायकली दोन्ही बाजूंनी आत गेल्या.

नंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. कंपनी म्हणाली, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, गेट कंपनीचं. कामगार खात्यात गेले तर म्हणाले, लेखी काढलंय का? लेखी कुणीच काढलेलं नाही, फक्त "घरी जा" म्हटलंय. मग तक्रार कशाची? मी पत्रक छापलं. मोठ्या टायपात: सायकलवाल्याला न्याय द्या. गेटवर वाटलं. शिलाई मशीन म्हणून ओरडणाऱ्यांपैकीच एकानं ते घेतलं, वाचलं आणि म्हणाला, "ताई, सायकलीपायी कोन भांडतं? हप्त्यावर गाडी घ्यायची ना मामानं." वाईट माणूस नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

मामा दुसऱ्या कंपन्यांच्या गेटवर फिरले. पाटी काढून टाकली होती. तरी तो फोटो त्यांच्या आधी पोचलेला होता. एका गेटवर वॉचमननं ओळखलं, "तुमीच का ते नंबरवाले?" आणि बाकीच्यांना बोलावून आणलं.

दसऱ्यानंतर वस्तीवर मुकादमाचा ट्रक आला. मी गेले होते. पत्रक नेलं नव्हतं. पत्र्याच्या पेट्या, सरपण, कोंबड्यांचं खुराडं, दोन शेळ्या, आणि त्यात माणसं. मामी वर चढून बसल्या होत्या. पोरगी त्यांच्या शेजारी. मामांच्या हातात कोयता होता, घासून लख्ख केलेला. तो पोरीच्या पायाशी ठेवला तेव्हा तिनं पाय मागं घेतले.

मी तिला म्हटलं, "परीक्षेला ये बरं का." ती म्हणाली, "व्हय ताई." आणि दुसरीकडे बघायला लागली.

मामांनी सायकल ट्रकच्या मागच्या फळीला उभी टांगून तारेनं बांधली. मुकादम करवादला, "मामा, ते लोखंड कशाला घेता? तळावरनं फडात चालतच जायचंय."

मामांनी तारेला आणखी एक पीळ दिला. मला म्हणाले, "ताई, घरी जा. ऊन झालं." तेच शब्द. घरी जा. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

ट्रक सुटला. रस्ता सगळा खड्ड्यांचा. प्रत्येक गचक्याला सायकलचं मागचं चाक फिरायचं, आणि चाकाबरोबर पायडल. वर कुणी नाही. पाय नाहीत. तरी पायडल फिरत होतं. वळणापर्यंत मला ते दिसत होतं, पुढं थोडं, मागं थोडं, पुन्हा पुढं.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. त्या वाईट वाटण्याचा मामांना काडीचा उपयोग नाही. पोरगी ऊसतोडीला गेली, तिचं शाळेचं वर्ष गेलं. माझ्या लिहिण्यानं ट्रक मागं फिरणार नाही, हे मला माहीत आहे.

पण तुम्ही उद्या कामाला जाणार आहात. गाडीवर, मोटारीत, कशानंही. गेटवर तुमचा नंबर मशीन निमूट घेईल. तिथंच थांबा. काच खाली करा आणि विचारा, सायकल कुठं लावायची? साहेब येऊ दे, मागं रांग लागू दे, भोंगा होऊ दे. सायकलला आत जागा मिळेपर्यंत तुमची गाडी गेटातून हलवू नका.