काकांचा गुलाब आणि मथुराबाईंची परडी

काका गेल्याची तार छिंदवाड्याला आली तेव्हा मी सुट्टीत आईबाबांकडे होते. बाबा आणि मी मिळेल त्या गाडीने निघालो, तरी वर्ध्याला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला आणि सगळं उरकलेलं होतं. अंगणात माणसं सतरंजीवर बसली होती. मान खाली घालून आत जाताना माझी नजर सवयीने उजव्या हाताच्या वाफ्याकडे गेली. गुलाबाच्या झाडावर कळ्या होत्या... सगळ्या. उन्हं चांगली वर आली होती, आणि त्या वेळेला त्या झाडावर एकही कळी शिल्लक असलेली मी कधी पाहिली नव्हती. मला रडू यायच्या आधी राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझी शाळा जबलपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झाली. मग बाबांची बदली झाली आणि कॉलेजसाठी मला वर्ध्याला काका-काकूंकडे ठेवलं. काका रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. दिवसभर कापसाच्या गाठी, सरकीची पोती आणि कोळशाचा धूर. स्वातंत्र्याच्या आधी कधीतरी ते एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कागदांवर सह्या घ्यायला गेले होते. साहेब वाचत बसला आणि काका व्हरांड्यात उभे राहिले. शेजारच्या कुंडीत एक गुलाब पूर्ण उमललेला होता. वाकून वास घ्यायची सोय नव्हती, पण वारा आला की तो आपोआप यायचा. 'साहेबानं सही लौकर केली,' ही त्यांची एवढ्या वर्षांनंतरची तक्रार होती.

माझ्या कॉलेजच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी पुण्याच्या एका नर्सरीतून तसलं कलम मागवलं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या चार काटेरी काड्या बघून काकू म्हणाल्या, "याच्यापेक्षा कोथिंबीर लावली असती तर वरणात तरी पडली असती." आमची काळी माती पाणी धरून ठेवते आणि असल्या गुलाबाची मुळं त्यात कुजतात. म्हणून काकांनी खड्डा खणून धाम नदीची वाळू आणि जुनं शेणखत भरलं. उन्हाळ्यात झाडावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मांडव घातला. एका फांदीला एकच कळी ठेवायची, बाजूच्या बारीक कळ्या नखाने खुडायच्या, हे ते इतक्या हळुवारपणे करत की बघणाऱ्याचाच जीव अवघडावा. पार्सलाबरोबर एक लहान पोतं आलं होतं. त्यावरचं इंग्रजी त्यांनी मला वाचायला लावलं. मी वाचून सांगितलं. हाडांचा चुरा होता. काकांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "पोरी, हे तुह्या-माह्यात."

पहिली कळी आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

शेजारच्या मथुराबाई मूळच्या रोहणा गावच्या. शेती दिरावर सोपवून नवऱ्याच्या नोकरीपायी वर्ध्यात आलेल्या. त्यांची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली, तेव्हापासून त्यांची पूजा तासभर चाले. मेंदीच्या कुंपणातल्या फटीतून त्या तांबडं फुटताना परडी घेऊन येत आणि असतील तेवढ्या कळ्या खुडून नेत. लपूनछपून नव्हे. काका दात घासत उभे असत, ते हसून नमस्कार करत. मी दारात दिसले की मथुराबाई म्हणत, "हे तुमची कान्वेंटवाली बोलत नाई का वो भाऊ? फी भरून मुकी करून आनली काय?" काका हसत. मी आत जाई.

हा गुलाब कळीत असताना मुका असतो. उन्हं वर येऊन बाहेरच्या पाकळ्या मागे वळल्या की मग त्याचा वास सुटतो. म्हणजे काकांनी ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते घडायच्या आधीच फूल देव्हाऱ्यात पोहोचलेलं असे. एकदा काकूंच्या सांगण्यावरून त्यांनी संध्याकाळीच एक कळी कापून पेल्यात ठेवली. ती उमलली, पण मलूल. वास म्हणाल तर पाण्याचा. मथुराबाई गावी जात त्या फक्त उन्हाळ्यात, तेव्हा झाडावर पानंसुद्धा धड नसत. मी फटीला तार बांधू या म्हटलं. काकांनी तार आणली, अर्धी बांधली आणि दुसऱ्या दिवशी सोडली. वर कात्रीने फट थोडी मोठी केली. "तिचे गुडघे दुखतात. वाकून याव लागते तिले."

"काका, तुम्ही एक वाक्य बोला," मी त्या दिवशी म्हटलं. घरात मी एवढं मोठ्याने क्वचितच बोलत असेन. "याला हाडांचं खत घातलंय, एवढंच सांगा. उद्यापासून त्या हात लावणार नाहीत."

"अन् आजवर वाहिलेल्या फुलांचं काय? ते कशी परत घ्याची?"

"मग नुसतं तोडू नका म्हणा."

"देवासाठी नेते ते. नाई कसं म्हणावं? पोरगी गेल्यापासून तेवढं एकच काम राह्यलं हाये तिले."

"आणि तुम्हाला?"

"मले मालधक्का हाये ना," ते म्हणाले आणि झाडाला पाणी घालायला गेले. चांगल्या माणसांशी भांडता येत नाही, ही मोठी अडचण असते. वाईट माणूस निदान तावडीत तरी सापडतो.

असे हिवाळे गेले. या डिसेंबरात झाड कधी नव्हे इतकं भरलं होतं. सुट्टीला निघताना मी कळ्या पाहिल्या होत्या आणि मुद्दाम काही बोलले नव्हते. मग काका एका संध्याकाळी धक्क्यावरून घरी आले, काकूंकडे पाणी मागितलं, आणि काकू पेला घेऊन बाहेर येईपर्यंत...

सुतकातल्या घरचं फूल देवाला चालत नाही. एवढं साधं होतं ते. मथुराबाई पुढच्या दाराने येत, डोळे पुसत, भाकरी आणि झुणका ठेवून जात. वाफ्याकडे मात्र फिरकत नसत. आणि झाड फुललं. एकेक फूल तळहाताएवढं, आत दाट गुलाबी, कडेला फिकट. दुपारी वारा फिरला की वास ओसरीवर येई. भेटायला आलेले लोक बाबांना विचारत, "उदबत्ती कुठली लावली हो?" काकू एकदा खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "आता फुलतंय, मेलं," आणि पदर तोंडात धरून खाली बसल्या. मी आयुष्यात कुठल्या झाडाचा इतका राग केलेला नाही.

तेरावा झाला आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी मथुराबाई फटीशी उभ्या होत्या. हातात परडी. या वेळी आत आल्या नाहीत.

"झालं ना वं सूतक? घेऊ का फुलं?"

काकांना त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मला विचारत होत्या. माझे कान तापले आणि तोंडातून ते वाक्य निघून गेलं. "त्या झाडाला हाडांचा चुरा घालत होतो आम्ही. पहिल्यापासून."

मला वाटलं परडी खाली पडेल. मथुराबाईंनी ती दुसऱ्या हातात घेतली.

"बरं मंग?"

"देवाला चालतं?"

"अवं, आमच्या वावरात बैल पुरले हायेत. त्याच वावरातल्या तुरीचा निवद दाखवतो मी देवाले. थो काई म्हनत नाई." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "म्हून तू इतके दिवस फुगून होती का माह्यावर?"

"काकांना एक फूल झाडावर उमललेलं हवं होतं," मी म्हटलं. "त्याचा वास घ्यायचा होता. बाकी काही नाही."

"वास? याले कुठचा आला वास?" मग त्या थांबल्या. "त्या दिसांत उदबत्ती लावली होती ना तुमी..."

"उदबत्ती नव्हती."

त्यांनी वाफ्याकडे पाहिलं. मग एकदम संतापल्या. माझ्यावर नाही. "सांगाचं होतं ना मंग त्या मानसानं! मी का वाघ होती? माह्या देवाले एक फूल पुरते. मले वाटे, यायच्या घरी कोनाले हौस नाई, सुकून जातीन म्हून सारे न्यायची मी. अन् हा मानूस रोज हात जोडून हासे!" त्यांचा आवाज फुटला. "हासे वं नुसता!"

मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याच बाजूचं भेटलं होतं.

त्या दिवशी त्यांनी काही तोडलं नाही. "कसं फुलते थे पाहू दे मले बी. देव्हाऱ्यात कळीच सुकते," म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकत आत आल्या. वाफ्यासमोर मालधक्क्यावरचं एक रिकामं खोकं उपडं टाकलेलं आहे. रविवारी काका त्यावर बसत, खुडून नेलेल्या कळ्यांचे उरलेले देठ बघत. मथुराबाई त्यावर बसल्या. काकूंनी चहा आणला, त्याही उभ्या राहिल्या. उन्हं कुंपणावरून खाली उतरली आणि एक पाकळी, बघता बघता नव्हे पण बघत असतानाच, मागे वळली.

हे झाल्याला काही आठवडे झाले. मथुराबाई अजून येतात, एक फूल नेतात, बाकीची ठेवतात. काकू तांदूळ निवडायला त्या खोक्यावर बसतात. पोस्टमनसुद्धा परवा तिथे टेकला आणि म्हणाला, काय सुंदर वास आहे. काका सोडून सगळ्यांना आता या झाडाचा तो वास माहीत झाला आहे.