वडिलांच्या नावाचा रकाना

इथे कानडी मुलखात, इंदिरानगरातल्या आमच्या ऑफिसातून शाळाप्रवेशाची एक वेबसाइट चालते, आणि मराठी बोलणारा पालक फोनवर आला की तो हटकून माझ्या गळ्यात पडतो. त्या दिवशी बनशंकरीहून एक बाई बोलत होत्या. मुलीचा पहिलीचा अर्ज पुन्हा पुन्हा भरला, तरी पडद्यावर ‘अपूर्ण’च येतंय. आणि मुदत संध्याकाळी पाचला संपत होती.

मी अर्ज उघडला. सगळं भरलेलं, फक्त वडिलांच्या नावाचा रकाना कोरा.

“बाई, एवढं राहिलंय बघा.”

“राहिलं नाही हो, मीच सोडलंय. एकटीनं वाढवलीय मी तिला.”

आपण मराठी माणसं! स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, याशिवाय आपल्याला माणूस पुरा वाटतच नाही, आणि हा अर्जही आमच्यातल्याच कुणीतरी आखलेला. इथल्या कितीतरी लोकांना आडनावच नसतं. ते बिचारे त्या जागी टिंब टाकून मोकळे होतात. आमच्या टीमलाही तेच सुचलं. “टिंब टाकायला सांग ना, विषय संपला!” मी सांगितलं, तशा बाई तडकल्या.

“माझ्या पोरीच्या कागदावर बापाच्या जागी टिंब? उद्या वर्गात सगळ्यांसमोर विचारतील तिला, हे काय म्हणून. मुळीच नको!”

“परत फोन करतो,” म्हणून मी फोन ठेवला. उठून अक्कांकडे गेलो. आमचा डेटाबेस सांभाळणाऱ्या या बाई निपाणीकडच्या. सगळं ऑफिस त्यांना अक्का म्हणतं. त्यांना लगेच कळलं. डेटाबेसात रिकामी जागा दोन तऱ्हेची असते. ‘नल’ म्हणजे अजून कुणी काही सांगितलंच नाही. कोरी म्हणजे सांगून झालंय, इथं काही नाही. आमचा प्रोग्रॅम कोऱ्याचं सरसकट ‘नल’ करत होता आणि ‘नल’ दिसलं की अर्ज अडवत होता.

“यांचा एक अर्ज हातानं पुढे सरकवा,” आमचे साहेब म्हणाले.

अक्कांनी खुर्ची वळवली. “ही भांडली म्हणून कळलं की. ज्या भांडत न्हाईत, त्यांचं काय?”

काय बाई आहे! मी घड्याळ बघून घामाघूम, आणि या शांतपणे प्रोग्रॅम बदलतायत. रकान्याखाली एक चौकोन आला, ‘हे नाव द्यायचं नाही’. त्यावर खूण केली की जागा कोरीच साठवायची आणि अर्ज पूर्ण धरायचा. मला वाटलं, झालं. अक्का म्हणाल्या, “स्वल्प थांब.” त्यांनी पावती छापून बघितली. मुलीच्या नावाखाली ‘वडिलांचे नाव’ आणि पुढे लांबलचक मोकळी जागा. मला काही खटकलं नव्हतं. त्यांना खटकलं. नाव नसेल तर ती ओळच छापायची नाही, असं त्यांनी करून टाकलं. इतकं बारीक कोण बघतं हो? मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

पाचला थोडा वेळ असताना बाईंना फोन लावला. त्यांनी खूण केली, अर्ज पाठवला, पावती उघडली आणि हळूहळू वाचायला लागल्या. मुलीचं नाव. आईचं नाव. पत्ता. तिथं थांबल्या.

“ती ओळ कुठे गेली हो?”

“नाव नसेल तर ती छापतच नाही आता. कुणाच्याच पावतीवर.”

मग फोन बाजूला धरून त्यांनी मुलीला हाक मारली.

“इकडे ये गं. तूच वाच. सगळं वाच, मोठ्यानं.”