लाल बोयांच्या अलीकडे

आमच्या धक्क्यावर कप्तान पुष्कळ, पण कप्तानीण एकच. खलाशी तिला काकू म्हणतात, बर्फवाले बाई म्हणतात, आणि तिची पाठ वळली की सगळेच कप्तानीण म्हणतात. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि आवाज असा की भोंगा बिघडला तर बोट अडून राहू नये.

बोट सासऱ्याची. त्यांना दोन मुलगे. धाकटा सुकाणूला तरबेज, पण त्याला कुणाच्या हाताखाली राहणे जमेना. त्याने स्वतःची बोट घेतली आणि वेगळा झाला. थोरल्याची तऱ्हा निराळी. सुकाणूपाशी उभा राहिला की त्याच्या पोटात ढवळायचे, आणि बोटीच्या स्वयंपाकघरात, भांडी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत असताना, तोच माणूस शांतपणे कांदा चिरायचा. सासऱ्यांनी विचार केला, थोरली सून धाकट्यासारखी भांडते आणि थोरल्यासारखी थांबते. सुकाणू तिच्या हातात दिले. तेव्हापासून नवरा खाली भात शिजवतो आणि बायको वर समुद्र कापते. सुरुवातीला लोक हसले. मग त्या बोटीचे मासे बघून हसणारे गप्प झाले.

त्या दिवसांत कुणीही कितीही धरावे असा रिवाज होता. बोटीच्या पोटातला खण भरेपर्यंत धरायचे, खण भरला की डेकवर रचायचे, आणि डेक भरला की दुसऱ्याची बोट आपल्यापेक्षा जास्त भरली का हे बघत घरी यायचे. पण बांगडे वर्षागणिक लहान होत गेले. हातभर मासा वीतभर झाला, वीतभर होता तो बोटाएवढा. शेवटी सरकारी माणसे आली आणि बर्फाच्या गोदामात सभा भरली. साऱ्या ताफ्याने मिळून हंगामात एवढेच मासे धरायचे, प्रत्येक बोटीचा वाटा ठरलेला, वाटा संपला की जाळे घरी. कोण कबूल, हात वर करा.

पहिला हात कप्तानीणीचा होता.

धाकटा दीर मागच्या खोक्यावरून उठला. "समुद्राला कुलूप लावताय, वहिनी? मग किल्ली तेवढी सांभाळा!"

"कुलूप समुद्राला नाही भाऊजी, आपल्या हातांना," ती म्हणाली.

गोदाम हसले, आणि त्या हसण्याने दीर जो दुखावला तो वहिनीशी बोलायचाच बंद झाला. धक्क्यावर समोरासमोर आले तरी तो भावाला हात करायचा आणि वहिनीच्या डोक्यावरून क्षितिज बघायचा.

आता गंमत बघा. मर्यादेसाठी पहिला हात जिचा, तिच्याच बोटीने गेल्या हंगामात मर्यादा ओलांडली. फार नाही, चार पेट्यांचा फरक. अंदाज चुकला. पण कायद्याला अंदाज कळत नाही. मोजणीच्या साहेबांनी ताकीद दिली: पुन्हा एकदा असे झाले, तर परवाना कायमचा रद्द. परवाना नसलेली मासेमारीची बोट म्हणजे नुसती रंगवलेली फळकुटे. तिच्यावर जगणारी सगळी घरे त्या एका कागदावर उभी होती.

म्हणून या हंगामाच्या शेवटच्या फेरीला ती फार जपून निघाली होती. वाट्यात उरले होते ते दोन खणांपुरते मासे. ते धरायचे आणि घरी जायचे.

दुपार कलली तेव्हा बोट म्हातारीच्या पाठीवर पोचली. म्हातारीची पाठ म्हणजे पाण्याखालचा एक लांबलचक उंचवटा. मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तिथे खाली नेहमी एक जाड काळा पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे तळ, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. तिकडे कुणी बघत नाही, पट्ट्याच्या वर काय आहे ते बघायचे.

वर मासे होते. छोटासा, आटोपशीर थवा. पाण्यावर त्याच्या सुरकुत्या उठत होत्या, पक्षी बुडी मारून येत होते.

"अगदी मापात!" कप्तानीण ओरडली. "दोन खणांचा माल आहे, त्याच्या वर एक पेटी नाही. सोडा जाळं!"

थैलीचे जाळे ते. बोट थव्याभोवती गोल फिरते आणि जाळे मागे सुटत जाते. वर बोयांची रांग तरंगते, खाली शिशाचा काठ बुडतो. गोल पुरा झाला की खालचा दोर ओढायचा, की थैलीचे तोंड तळाशी बंद. मग जाळे थोडे थोडे बोटीवर ओढत मासे जवळ आणायचे. जाळ्याच्या शेवटाकडे काही बोये लाल रंगवलेले असतात आणि कायदा त्या लाल बोयांत आहे. ते बोटीला लागेपर्यंत मासे सोडून देता येतात, कारण तोवर त्यांना पोहायला जागा असते. लाल बोये बोटीला लागले की मासे एकमेकांवर चिरडायला लागतात; सोडले तरी मरून तळाला जातात. म्हणून त्यापुढे सोडायला बंदी. जाळ्यात जे असेल ते सगळे तुमचे, तुमच्या वाट्यात मोजले जाणार.

गोल पुरा झाला. तळ बंद झाला. विंच कुरकुरत जाळे ओढू लागली. आणि बोये बुडायला लागले.

एक बुडाला, मग चार, मग सबंध रांगच वाकली. बोट जाळ्याच्या बाजूला कलली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा धबधबा झाला.

"अहो!" नवरा दारातून डोके काढून ओरडला, "माझं वरण सांडलं! काय देवमासा धरलात की काय?"

इंजिनवाला नाचायलाच लागला. "काकू, जॅकपॉट! ओढा, ओढा!"

कप्तानीणीने मात्र पडद्याकडे बघितले. काळा पट्टा गायब होता. तळ कुठे गायब होतो का? मग तिने बोटीची जागा बघितली. जाळे सोडण्याआधीच प्रवाहाने बोट म्हातारीच्या पाठीवरून बाजूला आणली होती. इथे उंचवटा नव्हताच. तो पट्टा मासे होते. दाट, गच्च, तळासारखा दिसणारा अवाढव्य थवा, संध्याकाळचा उजेड उतरताना वर चढणारा, आणि तिने जाळे बरोबर त्याच्या वाटेत पसरले होते.

"विंच बंद!" ती गरजली.

"काकू, असं कसं..."

"बंद म्हटलं ना! यातला पाचवा हिस्साही आपला नाही. लाल बोये कुठेत?"

लाल बोये बोटीपासून फार दूर नव्हते. आणि विंच बंद असली तरी प्रवाह जाळ्याला बोटीकडे ढकलतच होता.

मार्ग दोन. एक तर सगळेच सोडायचे आणि हंगामाची अखेर रिकाम्या खणाने करायची. नाहीतर ज्याच्या वाट्यात जागा उरली आहे अशी दुसरी बोट बोलवायची. तिने जाळ्याचे दुसरे टोक धरले, की बोयांचा काठ पाण्याखाली सोडून जास्तीचे मासे बेताबेताने सोडता येतात आणि उरलेले दोघांत वाटून घेता येतात. कायदा तसे करू देतो. आसपास अशी एकच बोट होती. तिचे इंजिन हंगामात दोनदा बिघडले होते, म्हणून तिचा वाटा बराच शिल्लक होता. ती बोट धाकट्या दिराची.

कप्तानीणीने वायरलेस उचलला. वायरलेसवर सगळा ताफा ऐकत असतो हे तिला माहीत होते.

"भाऊजी, ऐकू येतंय का?"

खरखर. मग आवाज आला, "कोण बोलतंय? मला ताफ्यात वहिनी नाही."

"भाऊजी, मस्करी नंतर. जाळ्यात पाचपट मासे आलेत, बोट कलून तुमच्या भावाचं वरणसुद्धा सांडलं. तुमचा वाटा शिल्लक आहे. दुसरं टोक धरायला या."

"पाचपट?" खरखरीतून हसू आले. "आणि कुलूप? किल्ली हरवली वाटतं?"

कुठल्या तरी तिसऱ्या बोटीवरचा कुणी मध्येच बोलला, "अरे जा की बाबा, भावाचं वरण पण सांडलंय म्हणे!"

"हरवली," कप्तानीण म्हणाली. "अंदाज चुकला माझा. तळ समजून माशांवर जाळं टाकलं. झालं समाधान? आता सगळ्यांनी ऐकलं. लाल बोये जवळ येतायत भाऊजी."



"इंजिन तापलंय माझं," दीर म्हणाला. "पण आलोच."

आणि काय आला म्हणता! बोटीच्या नाकापुढे पांढऱ्या फेसाच्या मिशा, मागे काळ्या धुराचा फरारा. इकडे खलाशी बांबू लावून जाळे बोटीपासून लांब रेटत होते, स्वयंपाकीही पळी टाकून बांबूला लागला होता. दिराच्या माणसांनी दोर झेलला, बोयांच्या रांगेचे टोक ओढून आपल्या काठाला बांधले, मधले बोये वर धरणारा दोर दिराने स्वतः मुठीत घेतला, आणि दोन बोटींच्या मधोमध पाणी उकळायला लागले. लाखो पाठी, हिरव्या-निळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. थडथड असा आवाज, जसा पत्र्यावर गारा पडाव्यात.

दीर काठावर उभा राहून बघतच राहिला. जन्मात त्याने एवढे मासे एका जागी बघितले नव्हते.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता. "अंधार पडत चाललाय. माझे खण रिकामे आहेत. वाटेत दुसऱ्या बंदरावर उतरवू. कोण मोजणार?"

"मी मोजणार."

"तुम्ही वेड्या आहात."

"आहे. तुमच्या हातातला दोर सोडा. बोये पाण्याखाली जाऊ द्या."

लाल बोये आता बोटीपासून दोन हातांवर होते. बोये वर धरणारा दोर दिराच्या हातात होता; तो सुटल्याशिवाय तिला काहीच करता येणार नव्हते. इंजिनवाल्याने डोळे मिटले. थोरला भाऊ मात्र बांबूवरून ओरडला, "अरे, हिचा परवाना गेला तर उद्यापासून तू भांडणार कुणाशी?"

दिराने भावाकडे बघितले, वहिनीकडे बघितले, आणि स्वतःच्या मुठीतल्या दोराकडे. "च्यायला!" म्हणाला आणि मूठ उघडली.

बोये बुडाले. जाळ्याला खिडकी पडली. पहिला मासा त्या खिडकीतून गेला, मग दहा, मग एक चांदीची नदी. ती खळाळत, वळत, उसळत बाहेर निघाली आणि मावळतीचा सगळा उजेड अंगावर घेऊन समुद्रात पसरत गेली. दोन्ही बोटींवरची माणसे विसरलीच की आपलाच माल पळतोय. कुणी शिट्टी मारली, कुणी आरोळी ठोकली, इंजिनवाला तर "जा, जा!" करत हात हलवत होता.

पण आता दुसरीच धास्ती. माशांना वाट कळली की शेवटचा मासाही थांबत नाही. केव्हा उचलायचे? कप्तानीण काठावर पोटावर पडली आणि तिने दोन्ही हात ताणलेल्या दोरावर ठेवले. आत उरलेल्या माशांच्या धडकांनी दोर थरथरत होता. थरथर जाडसर होती, मग मध्यम झाली, मग...

"उचला!"

दोन्ही काठांवरून माणसांनी दोरावर झोकून दिले. बोये वर आले. खिडकी मिटली. तेवढ्यात पहिला लाल बोया बोटीला टकटक लागला.

आता जे आत ते आपले. जास्त असो की कमी.

दिराच्या बोटीने झोळ्यांनी आपले खण भरले, उरलेले कप्तानीणीने घेतले. दोन खण भरले, आणि तिसऱ्याच्या तळाशीही मासे पडले. वाटा तर दोन खणांपुरताच होता. परतीच्या वाटेवर तिने जेवणाला नाही म्हटले.

सकाळी धक्का माणसांनी फुलला होता. वायरलेस घरोघर पोचतो. मोजणीच्या साहेबांनी काट्यावर पेट्या चढवायला घेतल्या. बर्फ बाजूला, पाणी निथळू द्यायचे, मग वजन. पेट्या सरल्या. साहेबांनी बेरीज केली, पुन्हा केली, चष्मा पुसला.

"साहेब, जीव जातोय," इंजिनवाला म्हणाला.

"वाट्याच्या आत," साहेब म्हणाले. "एक पेटी अजून बसली असती."

मग जी आरोळी उठली ती धक्क्यावरचे पक्षी उडवून गेली. नवऱ्याने बायकोला सगळ्यांदेखत मिठी मारली, आणि ती "अहो, लोक बघतायत," म्हणत त्याच्याच खांद्यावर रडली. तिसऱ्या खणातले मासे जास्तीचे नव्हते. पहिल्या दोनांत घाईघाईत बर्फ जास्त पडला होता.

दीर एक भरलेली पेटी खांद्यावर घेऊन गर्दीतून पुढे आला. "वहिनी, एका पेटीची जागा आहे ना तुमच्याकडे? माझ्याकडे एक जास्त झालीय असं वाटतंय. घेता?"

कप्तानीणीने डोळे पुसले.

"आधी काट्यावर ठेवा भाऊजी. वाटतंय म्हणून मी आता काही घेत नाही."