धानोऱ्यातलं दुसरं चाक

आमचे मामा नसते तर जग अजून बैलगाडीतच बसून राहिलं असतं, असं या जगात एकाच माणसाचं ठाम मत होतं, आणि तो माणूस म्हणजे खुद्द मामा. प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठी त्यांचं गाव. तिथे धड चाललेली वस्तू मामांच्या नजरेला पडू नये म्हणून लोक जपत, कारण मामा ती लगेच सुधारायला घेत. शेतात वीज आलेली घरबसल्या कळावी म्हणून त्यांनी ओसरीवर भोंगा बसवला. वीज आली, भोंगा वाजला. तो बंद कसा करायचा, हे मात्र त्यांनी ठरवलंच नव्हतं. सगळी गल्ली कानात बोटं घालून दारात उभी. मामा म्हणाले, "मी नसतू तर तुम्हले वीज उनी हाई समजतं का?"

"मी नसतू तर" हे त्यांचं पालुपद. मामी ते ऐकून मान खाली घालायची आणि कामाला लागायची.

पण एक गोष्ट मामांनी खरंच केली, हे कबूल करायला हवं. खळ्यात लाल मिरच्यांची पथारी पसरली की त्या रोज उलथाव्या लागतात. मामी दिवसभर वाकून हातांनी उलथायची. मग भाकरी थापताना हातांची अशी आग व्हायची की बिचारी परातीत पाणी घेऊन त्यातच हात बुडवून बसायची. मामांनी ते पाहिलं. सायकलचं चाक, मागे लाकडी दाते आणि लांब दांडा, असं यंत्र केलं. उभ्यानं ढकलायचं, मिरच्या आपोआप उलथतात. पहिल्या दिवशी मिरच्या फुटल्या, बिया उडाल्या, निम्मं गाव शिंकत सुटलं. मामीनं जुनं लुगडं फाडून चाकाला आणि दात्यांना गुंडाळलं, तेव्हा कुठे ते चाललं. लुगड्याचं श्रेय मामांनी कधी कुणाला दिलं नाही, ते सोडा.

आणि एक दिवस बातमी आली, की धानोऱ्यात कुणाच्या तरी खळ्यात अगदी असंच चाक आहे. मामा पेटलेच! "चोर शे तो! चाल रे भाचा." मी मोटरसायकल काढली.

चोर म्हणजे मामांच्याच वयाचा शेतकरी निघाला. त्यानं आधी पाणी दिलं, मग चहा सांगितला. चाक तेच, दाते तेच. फक्त लुगड्याऐवजी गोणपाट.

"हाई तुम्हीन कोठे देखं?" मामांनी दरडावलं.

"कोठे देखसू, भाऊ? मन्ही बायकोना हातस्नी आग व्हये. मंग बनाडं."

मामांच्या हातातला चहा निवून गेला. घरी आल्यावर मामा ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "म्हंजे मी नसतू तरी हाई व्हतंच." आयुष्यभराची मिरास कुणी काढून घ्यावी तसा तो चेहरा. मला फार वाईट वाटलं. तरी मनात म्हणालो, खरंच आहे. जिथे जिथे हात भाजतील तिथे कुणीतरी चाक करणारच.

मामी आतून आली. पहिल्यांदाच ती मामांना तोडून बोलली. "जगनं भागी जातं. धानोरावाला काय मन्हा खळामा येनार व्हता का? मन्हा हातस्नं काय व्हतं?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि उपरण्यानं तोंड पुसलं. त्यानंतर "मी नसतू तर" आम्ही कधी ऐकलं नाही.

आता मामाच नाहीत. जगाचं काही अडलेलं नाही. तसली चाकं आता बाजारात तयार मिळतात, रबर लावलेली, हलकी. मी मामीला नवं आणून देतो म्हणालो, तर तिनं हसून मान हलवली. ती दर हंगामाला जुनं लुगडं फाडून त्या चाकाला गुंडाळते. चाक मात्र बदलू देत नाही.