हात बघायचा राहिला होता

“टोचलं की सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्या डोळे मिटून दोन्ही हात पुढं केले. जरा वेळानं म्हणालो, “बाई, टोचा की आता.”

“शिवाप्पा, सहा वेळा टोचून झालं.”

डोळे उघडले, तर दोन्ही करंगळ्यांवर रक्ताचे टिपके. बाईंनी कोपरातली नस चाचपली. दोरीगत जाड झाली होती. “लेप्रसी,” त्या म्हणाल्या. म्हणजे आपण महारोग म्हणतो तो. म्या हात मागं ओढला. बाईंनी मात्र हात सोडला न्हाय. असलं माणूस म्या आजवर बघितलं न्हाय.

तसं दुखणं आधीच दिसलं होतं. मी उमरग्याच्या बैलबाजारातला दलाल. आमचा भाव तोंडानं न्हाय, रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. बसाप्पा व्यापाऱ्यानं चार बोटं दाबली, मला तीनच कळली. तो चारच म्हणत राहिला, तवा भर बाजारात त्याला लबाड म्हणून गचांडी धरली. माझा हात चुकंल, हे मनातबी आलं न्हाय.

आठवड्याला एकदा निजामाचा नाका ओलांडून सोलापूरला बाईंकडं जायचं, कडूकवठीच्या तेलाचं इंजेक्शन घ्यायचं. लई ठणकायचं. बाई म्हणाल्या, “सुई रोगासाठी. बोटं तुम्हीच वाचवायची. रोज सकाळी हात बघा.”

“रोजच बघतो की! गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊनच आमची लिंगायतांची पूजा.”

“मग लिंग उचललं की खालचा तळहातही बघा.”

दुसऱ्या दिवशी बघितला. करंगळीखाली हा मोठा फोड! चहाच्या पितळी पेल्यानं भाजलं होतं, अन् मला पत्ता न्हाय. चाळीस वर्षं त्या हातावर देव पूजला, हात बघितलाच न्हाय. रडूच आलं.

पेल्याला फडकं गुंडाळायला लागलो. पण बाबांनो, एकदा बघायला लागलं की नजर हातावर थांबत न्हाय. बसाप्पाची गचांडी धरणारा हातबी हाच, हे दिसलं. सुन्न मी, अन् लबाड तो?

दोन वर्षांनी बाईंनी “आता कुणाला धोका नाही” म्हणून सांगितलं. मग बाजारात गेलो. लोक बाजूला सरकले. बसाप्पापुढं उभा राहिलो. “तुमी चारच दाबली होती. चूक माझ्या हाताची. माफ करा.”

त्यानं खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला अन् खाली हात घातला. “सांगा, किती दाबली?”

“कळंना, बसाप्पा. रुमाल काढा, बघून सांगतो.”

त्यानं भर बाजारात रुमाल काढला. माझी पाचही बोटं त्याच्या मुठीत होती.